पुढचे डावे चाक धरून ठेवते : भाग बदलण्याआधी काय तपासावे

प्रश्न : माझी पिकअप पंधरा वर्षांची जुनी आहे. मिरकरवाडा बंदरावर मासळीचे क्रेट भरून मी आंबा घाटाने कोल्हापूरला जातो आणि बहुतेक वेळा रिकामाच परततो. मासेमारी बंदीच्या काळात गाडी दारात माडाखाली उभी होती. नारळी पौर्णिमेनंतर धंदा सुरू केला, तेव्हापासून पुढचे डावे चाक तापते, गाडी डावीकडे ओढते आणि डिझेलही जास्त खाते. गेल्या आठवड्यात घाट उतरून साखरप्याला पोहोचलो तर चाकातून धूर येत होता. बादलीभर पाणी ओतले, अर्धा तास थांबलो, तेव्हा चाक मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक मेकॅनिक कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणारा भाग) बदला म्हणतो, दुसरा मास्टर सिलिंडर (पेडल दाबले की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) बदला म्हणतो. मेहुणे सांगतात की पॅड थोडे घासून घ्या आणि तोवर डाव्या चाकाची ब्रेक लाइन बंद करून गाडी चालवा. ऐन हंगामात गाडी उभी ठेवणे परवडत नाही. काय करावे?
— एक मासळी वाहतूकदार, रत्नागिरी

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातील शेवटच्या सूचनेचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत ती कोणीतरी अमलात आणलेली असायची. एका चाकाची ब्रेक लाइन बंद करून गाडी चालवू नये. रिकामीही नाही आणि बंदरापासून घरापर्यंतही नाही. गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढची दोन चाके करतात. त्यांतील एकच चाक धरू लागले, तर जोरात ब्रेक दाबताच गाडी त्या बाजूला झेप घेते. आपल्या बाबतीत ती उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनाच्या अंगावर जाईल. शिवाय कॅलिपरमधला, पॅडला दाबणारा पिस्टन गंजून अडकला असेल, तर लाइन बंद केल्यानंतरही चाक तापतच राहील. धोका पत्करूनही हाती काही लागणार नाही, असा हा उपाय आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. तापून लाल होण्याच्या बेतात असलेल्या बिडाच्या डिस्कवर गार पाणी पडले की ती वेडीवाकडी होते, क्वचित तडकतेही. असा प्रसंग पुन्हा आलाच, तर गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दगड लावावेत, हँडब्रेकवर विसंबू नये आणि चाक आपोआप निवू द्यावे. त्यानंतर गाडी तशीच पुढे दामटू नये, घाटात तर नाहीच. आपण साखरप्याला थांबलात, म्हणजे उतार संपल्यावर थांबलात. उतारावरच ब्रेक ऑइल उकळले असते, तर पेडल एकदम तळाला गेले असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जितके पाणी मुरते तितके ते लवकर उकळते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या अवस्थेत हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. आपल्याकडच्या पावसाळी हवेत, जुन्या गाडीत, कित्येक वर्षे न बदललेले ऑइल कोणत्या आकड्याच्या जवळ असेल, हे वेगळे सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दोन मेकॅनिकांनी दोन वेगवेगळे भाग बदलायला सांगितले, आणि आपल्या पत्रावरून दिसते की दोघांपैकी कोणीही निप्पल, म्हणजे कॅलिपरमधले ऑइल बाहेर सोडण्याचा स्क्रू, सोडून पाहिलेला नाही. ब्रेक न सुटण्याची कारणे अनेक असली, तरी ती दोनच घरांत बसतात. एक तर पेडल सोडल्यानंतरही ऑइलचा दाब चाकापाशी कोंडून राहतो, किंवा दाब गेलेला असतो पण गंजामुळे लोखंड जागचे हलत नाही. पहिल्या प्रकारात कॅलिपर बदलून उपयोग नाही आणि दुसऱ्यात मास्टर सिलिंडर बदलून उपयोग नाही. कोणते घर आपले, हे कळायला एक पाना आणि दोन मिनिटे पुरतात.

ही तपासणी चाक जाम झालेले असतानाच करावी लागते. निवून मोकळे झालेल्या चाकाकडून काहीही कळत नाही. म्हणून घराजवळच्या सपाट रस्त्यावर, कमी वेगाने, मधूनमधून ब्रेक दाबत थोडे अंतर जावे आणि चाक धरू लागले की परत यावे. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावून पुढचा भाग जॅकवर उचलावा आणि खाली पक्का स्टँड द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. चाक हाताने फिरवून पाहावे. फिरत नसेल, तर कॅलिपरच्या पाठीमागचा ब्लीडिंग निप्पल अर्धा फेरा सोडावा. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण ऑइल गरम असते आणि दाब कोंडला असेल तर ते पिचकारीसारखे उडते. पिचकारी उडाली आणि त्याच क्षणी चाक मोकळे झाले, तर दोष दाबाचा आहे. ऑइल जेमतेम ठिबकले आणि चाक जाम ते जामच राहिले, तर दोष गंजाचा आहे.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. बंदरावर फिरणाऱ्या गाडीचा निप्पल सहजासहजी सुटत नाही आणि जबरदस्ती केल्यास आतच तुटतो. मग खरोखरच कॅलिपर बदलण्याची वेळ येते. म्हणून आदल्या रात्री त्याच्या मुळाशी गंज सोडवणारे स्प्रे ऑइल मारून ठेवावे, सकाळी हातोडीने हलकेच ठोकावे आणि सहा बाजू पूर्ण पकडणारा सॉकेट किंवा रिंग पाना वापरावा. दुतोंडी फिक्स पान्याने त्याचे कोपरे झिजतात. हे स्प्रे ऑइल पॅडवर किंवा डिस्कवर उडू नये यासाठी मधे जाड फडके धरावे.

दोष दाबाचा निघाला, तर पुढचा प्रश्न असा की दाब नेमका कोठे कोंडतो. बहुतेक पिकअपमध्ये पुढच्या दोन्ही चाकांना मास्टर सिलिंडरच्या एकाच भागातून ऑइल जाते. मास्टर सिलिंडर दाब सोडत नसेल, तर उजवे चाकही तापायला हवे. आपल्याकडे एकटे डावे चाक तापते, यावरून माझा पहिला संशय चाकाजवळच्या रबरी होजवर आहे. ही नळी बाहेरून धडधाकट दिसते; आतल्या बाजूने मात्र तिचे अस्तर सुटून लोंबू लागते. पेडल दाबताना पायाचा जोर एवढा असतो की ऑइल ते अस्तर बाजूला सारून चाकापर्यंत पोहोचते, परंतु परत येताना त्याच्यामागे तसा जोर नसल्याने तेच अस्तर झडपेसारखे वाट अडवते. अडकलेले ऑइल तापून फुगते, फुगल्याने दाब आणखी वाढतो आणि पॅड डिस्कला अधिकच घट्ट धरतात. अर्ध्या तासाने चाक आपोआप सुटले याचेही स्पष्टीकरण त्यातच आहे, कारण निवल्यावर ऑइल आकसले आणि उरलेला दाब हळूहळू पाझरून गेला.

याची खात्री करून घेता येते. चाक जाम असताना, चॅसिसपाशी जेथे लोखंडी पाइप आणि रबरी होज जोडलेले असतात, तो वरचा नट थोडा ढिला करावा. चाक सुटले, तर दाब वरून, म्हणजे मास्टर सिलिंडरकडून येतो आहे. तेथे सुटले नाही आणि खालचा निप्पल ढिला केल्यावर सुटले, तर होज खराब आहे. होज बदलायचा तर दोन्ही बाजूंचा बदलावा, कारण दोन्ही एकाच वयाचे असतात. जोडाला तांब्याचे वॉशर असतील तर तेही नवे घालावेत आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून नवा होज कोठे ताणला किंवा घासला जात नाही ना, हे पाहावे. लोखंडी पाइपचा नट मात्र जपून सोडावा; तो गंजून पाइपलाच धरून बसला असेल तर नटाबरोबर पाइपही पिळवटतो.

मास्टर सिलिंडरची शक्यता कमी आहे असे मी म्हणतो, ती नाहीच असे म्हणत नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून त्याखालचा रबरी पडदा पाहावा. तो फुगून लिबलिबीत झाला असेल आणि जागेवर नीट बसत नसेल, तर कोणीतरी ब्रेक ऑइल समजून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल ओतलेले आहे. शंका आल्यास टाकीतील थोडे ऑइल काचेच्या ग्लासातील पाण्यात टाकून ढवळावे. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, खनिज तेल वर तरंगते. तवंग दिसला, तर मात्र खर्चाला पर्याय नाही, कारण त्या तेलाने मास्टर सिलिंडरपासून मागच्या व्हील सिलिंडरपर्यंतचे एकूण एक रबर फुगवलेले असते. तसे काही नसेल, तर पेडलला थोडा मोकळा खेळ आहे की नाही एवढे पाहावे. तो नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील परतीचे बारीक छिद्र कायम झाकलेले राहते आणि दाब सुटत नाही. हा दोष पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बदलल्यानंतर किंवा पेडलचा जोर मास्टर सिलिंडरला देणाऱ्या दांड्याशी (पुशरॉडशी) छेडछाड झाल्यानंतर उद्भवतो, म्हणून अलीकडे असे काही काम झाले होते का, हे आठवून पाहावे.

आता गंजाकडे वळू. आपली गाडी १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात आणि पुढे पौर्णिमेपर्यंत जागची हलली नाही, हे आपण जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. दहा महिने ही गाडी जेटीवरच्या खाऱ्या डबक्यांतून फिरली, क्रेटमधल्या बर्फाचे मचूळ पाणी तिच्या खालच्या अंगावरून निथळले, आणि मग ते मीठ अंगावर घेऊन ती भर पावसात उभी राहिली. रोज वापरात असलेल्या ब्रेकवर गंज धरतो आणि घासूनही जातो. उभ्या गाडीत तो फक्त धरतो.

चाक आणि कॅलिपर काढल्यावर काय दिसते, ते सावकाश पाहावे. कॅलिपर होजच्या आधारावर लोंबू देऊ नये, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा. दोन्ही पॅड शेजारी ठेवून त्यांची जाडी ताडून पाहावी. आतला, म्हणजे पिस्टनच्या बाजूचा पॅड बराच झिजलेला आणि बाहेरचा तसाच जाड असेल, तर कॅलिपर ज्या गाइड पिनांवर सरकतो त्या अडकलेल्या आहेत. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर दोहोंपैकी एक पिन अडकली आहे. पिना काढून, पॉलिश पेपरने गुळगुळीत करून, त्यांची भोके साफ करून रबरालाही चालणारे, उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे चॅसिस ग्रीस लावल्यास पिनेचे रबर फुगते आणि काही महिन्यांत ती पुन्हा अडकते. पिन खड्डे पडण्याइतकी गंजली असेल तर नवीच घालावी. ती स्वस्त असते.

मेहुण्यांचा पॅड घासण्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत घट्ट बसून परत सरकत नाहीत, असे आपल्याकडे नेहमी घडते. परंतु दोष बहुधा पॅडचा नसतो. खाचेत साठलेल्या गंजाच्या पापुद्र्याने जागा अरुंद केलेली असते. क्लिपा काढून कानशीने आणि तारेच्या ब्रशने ब्रॅकेट साफ करावे, पॅड बोटाने सहज सरकला पाहिजे. पॅडचे अस्तर घासून बारीक करणे म्हणजे पैसे देऊन घेतलेले आयुष्य फेकून देणे. साफसफाई करताना ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

राहिला पिस्टन. निप्पल उघडा ठेवून, जुना पॅड मधे घालून, सी-क्लॅम्पने पिस्टन आत ढकलून पाहावा. एकसारख्या जोराने आत गेला तर ठीक. हलला नाही, किंवा गचके देत गेला, तर कॅलिपर उघडावाच लागेल. कॅलिपरमधील चौकोनी छेदाची रबरी सील नुसती गळती थांबवत नाही. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर किंचित वाकते आणि पेडल सोडताच पूर्वस्थितीला येताना पिस्टनला केसभर मागे खेचते. पॅड डिस्कपासून सुटतो तो एवढ्याच हालचालीने. बाहेरचे धुळीचे रबर फाटले की खारे पाणी आत शिरते, पिस्टनच्या क्रोमखाली गंज चढतो आणि सीलच्या खाचेतही गंज साठून सील पिस्टनवर दाबली जाते. तशा अवस्थेत ती पिस्टनला मागे खेचत नाही, उलट आवळून धरते. नव्या सीलांचे किट घातल्यानंतरही महिन्याभरात ब्रेक पुन्हा धरू लागतो, असे सांगणारे अनेक जण भेटतात. अशा ठिकाणी बहुधा खाच खरवडलेली नसते. जुनी सील काढल्यावर ती खाच टोकदार लाकडी काडीने आणि बारीक पॉलिश पेपरने तळापर्यंत चकचकीत करणे, हे या कामातील सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

पिस्टन बाहेर काढण्यासाठी पेडलचाच दाब वापरावा. हवा मारून काढल्यास तो गोळीसारखा सुटतो आणि बोटे चिरडतो. समोर लाकडाचा ठोकळा ठेवूनच हे काम करावे. क्रोम उडालेला किंवा नखाला खड्डे लागणारा पिस्टन पुन्हा वापरू नये. कॅलिपरचे आतले भोकही तसेच खड्डेदार असेल, तर आपल्या पहिल्या मेकॅनिकचे म्हणणे खरे ठरले असे समजून अख्खा कॅलिपर घ्यावा. अन्यथा किट आणि पिस्टनमध्ये काम भागते. सर्व रबरी भाग स्वच्छ ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवावेत. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने ते धुऊ नयेत. पावसाळ्याआधी गाडीला खालून डिझेलचा फवारा मारून घेण्याची आपल्याकडे जी सर्रास पद्धत आहे, ती पत्र्याला कदाचित उपकारक असेल, पण होज आणि धुळीच्या रबरांची ती वाट लावते, आणि डिझेल पॅडवर उडाले तर ब्रेकही लागत नाही.

चाक एवढे तापले आहे, तेव्हा उघडलेच आहे तर डिस्क आणि बेअरिंगही पाहून घ्यावी. डिस्कवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा असतील तर ती बदलावी. नुसती वाकडी असेल तर लेथवर घासून घेता येते, मात्र तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली नाही. हबमधील, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातील, ग्रीस वितळून बाहेर आले असल्यास बेअरिंग धुऊन, तपासून, उष्णतेला टिकणारे नवे ग्रीस भरावे. पॅड दोन्ही बाजूंचे नवेच घालावेत, कारण जळालेला पॅड काचेसारखा गुळगुळीत होतो आणि नीट धरत नाही.

जोडणी झाल्यावर ब्रेक लाइनमध्ये शिरलेली हवा (एअर) काढताना सर्व जुने ऑइल काढून टाकावे आणि सीलबंद डब्यातले नवे, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचे ऑइल भरावे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी घ्यायचे असते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून क्रम मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा राहील. पेडलखाली लाकडाचा जाड तुकडा ठेवावा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जेवढा जातो त्याच्या पुढच्या भागात गंज असतो, आणि एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबल्यास त्या गंजावर सील फाटते; एका दुरुस्तीतून दुसरी निघते ती अशी. रंगावर सांडलेले ब्रेक ऑइल ताबडतोब पाण्याने धुवावे. गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत दाबून घ्यावे, अन्यथा पहिल्या दाबाला ब्रेक लागणारच नाही.

यांतील किती आपण स्वतः करावे? निप्पलची तपासणी, पॅड, पिना आणि ब्रॅकेट ही कामे हाताला पान्याची सवय असलेल्या माणसाला एका दिवसात होण्यासारखी आहेत. कॅलिपर उघडणे आणि होज बदलणे जाणकाराकडून करून घ्यावे, पण तपासणीचा निकाल सांगून आणि काढलेले जुने भाग परत मागून. उजव्या बाजूचा कॅलिपरही त्याच वेळी उघडावा. तोही त्याच डबक्यांतून फिरला आहे.

पुढच्या बंदीत गाडी उभी करण्यापूर्वी चाकांच्या आतल्या बाजूने गोड्या पाण्याची नळी मारून मीठ धुवावे, थोडे अंतर चालवून ब्रेक दाबत ते वाळवावेत, आणि हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावावेत. आठवड्यातून एकदा गाडी अंगणातल्या अंगणात पुढे-मागे करून ब्रेक दाबला, तरी पिस्टन मोकळे राहतात. हंगामात बंदरावरून आल्यावरही तीच नळी मारावी, फक्त चाके निवल्यानंतर.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी भरलेल्या गाडीने घाटात करू नये. रिकाम्या गाडीने हातखंब्यावरून पालीपर्यंत जाऊन यावे आणि थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या हबजवळ, न टेकवता, तळहात धरून पाहावा. दोन्हींची ऊब सारखी असेल तर क्रेट भरायला हरकत नाही. डावे अजूनही जास्त तापत असेल, तर तेथेच बाजूला घेऊन, चाक जाम असतानाच, पुन्हा निप्पलपासून सुरुवात करावी आणि या वेळी वरच्या नटाची तपासणी टाळू नये.